आधी झाड की आधी तार

हेलिकॉप्टरच्या पोटाखाली एक लांब उभा दांडा लोंबतो आणि त्याच्या खालच्या भागात एकाखाली एक बसवलेली दहाएक गोल पाती फिरत असतात. वैमानिक वीजवाहिनीला समांतर हळूहळू पुढे सरकतो आणि वाहिनीकडे झुकलेल्या फांद्या उभ्या रेषेत, भिंत तासावी तशा, कापल्या जातात. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ही पद्धत रुजली आणि पुढे कॅनडातही गेली. झाडावर चढायला माणूस लागत नाही, डोंगरात गाडी न्यायला रस्ता लागत नाही, आणि पायी टोळीला आठवडे पुरेल एवढे काम काही दिवसांत उरकते. मुंबईच्या उपनगरांत ही करवत आली नाही. हेलिकॉप्टर नव्हते म्हणून आली नाही असे म्हणता येत नाही. जुहूचा विमानतळ १९२८ पासूनचा आहे, १९८५ मध्ये पवनहंस स्थापन झाल्यावर तेथून बॉम्बे हायच्या तेलफलाटांकडे हेलिकॉप्टरांची रोजची ये-जा सुरू झाली, आणि हा विमानतळ अंधेरीला लागूनच आहे. झाडे नव्हती असेही नाही. २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या महापालिकेच्या वृक्षगणनेत मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे नोंदली गेली. तारांची तर गोष्टच नको, शंभर वर्षांहून अधिक काळ त्या साष्टीच्या, म्हणजे आजच्या उपनगरांच्या, भूमीवरून जात आहेत. मग या उपनगरांनी फांदी आणि तार यांचा तंटा सोडवला कसा? माझे म्हणणे असे की, अधिक धारदार करवत आणून तो येथे कधीच सुटला नाही. जेवढा सुटला तेवढा तारेची जागा बदलल्यामुळे सुटला, आणि जेथे तारेने जागा बदलली नाही तेथे तो अजून तसाच आहे.

तारा येण्याआधी येथे काय होते, ते आधी पाहायला हवे. साष्टीत भाताची खाचरे, मिठागरे, खाडीकाठची तिवरे आणि वाड्या होत्या. वाड्यांत माड, ताड, आंबा, फणस, चिंच. ही झाडे कोणाची तरी मिळकत होती आणि त्यांवर कर होता. ताडामाडाची ताडी काढणारे भंडारी सकाळ-संध्याकाळ झाडावर चढत. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीच्या झाडावरचा कर असा वाढवला की त्या धंद्याचे कंबरडेच मोडले. सरकारदरबारी प्रत्येक झाड मोजलेले होते, म्हणजे झाडाला मालक होता आणि किंमत होती. दुसरी गोष्ट वनस्पतीच्या रचनेची आहे आणि या इतिहासात तिला फार मोल आहे. आंब्याची किंवा चिंचेची फांदी छाटली तर झाड दुसरीकडून फुटते. माडाला आणि ताडाला वाढीचा कोंब एकच, शेंड्यातला. तो कापला की झाड मेले. जेथे माडांच्या वाड्या होत्या तेथे तारेसाठी छाटणी नावाचा मधला मार्गच नव्हता. झाड ठेवा किंवा पाडा, एवढाच पर्याय होता. उत्तर अमेरिकेच्या पाइन आणि ओकच्या जंगलात उभी भिंत कापून झाडे जगवता येतात. साष्टीतल्या माडाच्या वाडीत ती करवत छाटणीचे यंत्र राहिली नसती, तोडणीचे झाली असती.

पहिली तार विजेची नव्हती, संदेशाची होती. १८५४ पर्यंत मुंबई तारायंत्राने कलकत्ता, आग्रा आणि मद्रासला जोडली गेली होती. तारेला फांदी लागली की संदेश तुटतो, आणि हा प्रश्न देशभर आला असावा, कारण १८८५ च्या तार कायद्यात त्यासाठी खास कलम घातले गेले. त्या कलम १८ प्रमाणे तारेला अडथळा आणणारे झाड मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने काढता येई. मात्र ते झाड तार टाकण्यापूर्वीपासून तेथे असेल तर मॅजिस्ट्रेटने मालकाला भरपाई ठरवून द्यायची. आधी झाड होते की आधी तार, हा प्रश्न कायद्याने उघडपणे विचारला. १९१० च्या वीज कायद्याच्या कलम १८ ने तोच विचार विजेच्या तारांना लावला आणि २००३ च्या विद्युत कायद्यातल्या कलम ६८ मध्ये तो आजही जवळपास त्याच शब्दांत उभा आहे. शिवाय या कायद्याने 'झाड' या शब्दात झुडूप, कुंपण आणि रानवाढही धरली आहे. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ टिकलेले हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. परकीय राजवटीने, तारेचे सगळे हित सांभाळत असतानाही, एवढे मान्य केले की तार ही मागाहून आलेली आहे आणि मागाहून येणाऱ्याने काही देणे लागते. हे देणे मालकाला मिळे, झाडाला नाही, हे खरे. तरीही झाड काढण्याला किंमत आहे ही गोष्ट कागदावर आली.

विजेच्या मोठ्या तारा उपनगरांवरून गेल्या, पण त्या उपनगरांसाठी नव्हत्या. टाटांच्या खोपोली केंद्राची वीज १९१५ मध्ये परळला पोचली आणि भिवपुरीची १९२२ मध्ये धारावीला. दोन्हींचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे शहरातल्या कापडगिरण्या. मनोऱ्यांवरून लाख व्होल्टच्या घरातला दाब शहराकडे धावत होता, तेव्हा मनोऱ्यांखालच्या खेड्यांत घासलेटच्या दिव्यांवर भागत होते. उपनगरांना घरगुती वीज द्यायला बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी, म्हणजे पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलेली बीएसईएस, १९२९ मध्ये निघाली. मधल्या वर्षांत आलेली तार रेल्वेची. बीबी अँड सीआय रेल्वेने, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेने, ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू केली. अंधेरी-बोरिवलीच्या रहिवाशाने डोक्यावर सलग धावणारी तार पहिल्यांदा पाहिली असेल ती रुळांवर.

रेल्वेने फांदीचा प्रश्न कसा हाताळला ते पाहिले की उपनगरांची रीत कळते. रेल्वेची हद्द आखलेली आहे, तिच्या आतले झाड काढायला कोणाची परवानगी घ्यावी लागली तरी मालकीचा वाद नाही. हद्दीबाहेरच्या झाडाची गोष्ट वेगळी. ते सोसायटीच्या आवारात, पालिकेच्या रस्त्यावर किंवा एखाद्या जुन्या वाडीत असते आणि वाऱ्यात मात्र रुळांवर कोसळते. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४ ने पडू पाहणाऱ्या झाडासाठी शेजारच्या जमिनीत शिरण्याचा अधिकार रेल्वेला दिला, तो यासाठीच. प्रत्यक्ष काम होते ब्लॉक घेऊन. तारेतला पुरवठा बंद करायचा, ती जमिनीला जोडायची, उंचावर काम करण्यासाठी टॉवर वॅगन न्यायची आणि हाताने छाटायचे. मेगाब्लॉक हा शब्द मुंबईकराला रविवारच्या खोळंब्यामुळे माहीत आहे, पण त्या खोळंब्यात जी असंख्य कामे उरकतात त्यांत फांद्या छाटणे हेही एक असते. पश्चिम रेल्वेवर २०१२ पर्यंत आणि मध्य व हार्बरवर २०१६ पर्यंत १,५०० व्होल्टच्या जागी २५,००० व्होल्टचा दाब आला. दाब वाढला की फांदीने तारेला शिवण्याचीही गरज उरत नाही, ती पुरेशी जवळ आली की ठिणगी मधली हवा ओलांडते. म्हणून फांदी दूर ठेवण्याचे अंतरही वाढले. हे सारे होऊनही छाटणीची रीत तीच राहिली. तार थांबवायची आणि माणसाने हाताने छाटायचे.

रस्त्यांवर मात्र तार थांबवणे इतके सोपे नव्हते. म्हणून तेथे भरवसा पावसाळ्याआधीच्या छाटणीवर. तिने वर्षभराची सुटका होते असे मानण्याचा प्रघात आहे, पण तारेचा आणि फांदीचा हिशेब वेगळा चालतो. तार तापली की लांब होते आणि मध्यभागी खाली झोळते. उन्हाने तापते तशी ती वाहत्या भारानेही तापते. मुंबईत झाड सर्वांत जोमाने वाढते जून ते सप्टेंबर या काळात. त्यानंतर लगेच ऑक्टोबरची काहिली येते, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे जोरात सुरू होतात, तार झोळते आणि तिच्याखाली चार महिने वाढलेली फांदी उभी असते. मे महिन्यात मोजलेले अंतर ऑक्टोबरात उरत नाही. अशा हिशेबाकडे दुर्लक्ष झाले की काय होते, ते १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेत दिसले. ओहायो राज्यात ३४५ किलोव्होल्टच्या तारा झोळून झाडांना टेकल्या, एकामागून एक वाहिन्या बंद पडल्या आणि अमेरिका व कॅनडातली सुमारे पाच कोटी माणसे अंधारात गेली. ज्या देशात हेलिकॉप्टरची करवत जन्मली आणि वीस वर्षे फिरत होती, त्याच देशात झाडाने एवढा अंधार केला, ही गोष्ट करवतीच्या कैवाऱ्यांनी लक्षात ठेवावी. पुढे तेथे झाडांपासूनच्या अंतराचे नियम सक्तीचे झाले. उणीव हत्याराची नव्हती, जबाबदारीची होती.

आपल्याकडे जबाबदारी बांधून देण्याचा प्रयत्न पालिकेच्या आणि राज्याच्या कायद्यांनी केला. १९५० मध्ये शहराची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत वाढली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंड आत आले. त्याबरोबर १८८८ चा महापालिका कायदा या वाड्यांना लागू झाला आणि त्यातल्या कलम ३८३ खाली धोकादायक झाडे-फांद्या काढण्याच्या नोटिसा मालकांना आणि पुढे सोसायट्यांना जाऊ लागल्या. म्हणजे पालिकेचे हात झाड काढायला आधी मोकळे झाले. झाड राखायचा कायदा नंतर आला, १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. त्याने वृक्ष प्राधिकरण उभे केले आणि झाड तोडण्याच्या व्याख्येत जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही धरले. या दोन कायद्यांच्या मधल्या जागेत उद्यान खाते दर उन्हाळ्यात छाटणी करते. रस्त्याकडेची पावणेदोन लाखांहून जास्त झाडे, पावसाआधीचे मोजके आठवडे, कंत्राटदाराची माणसे. पूर्वी कोयता, कुऱ्हाड, करवत आणि दोर एवढ्यावर काम चाले. आता शिडीची गाडी आणि पेट्रोलवरची करवत आली आहे. अरुंद गल्लीत, जेथे गाडी शिरत नाही, तेथे आजही माणूस दोर बांधून वर चढतो. खालचा साथीदार फांदीला बांधलेला दुसरा दोर ताणून धरतो, म्हणजे ती दुकानाच्या पत्र्यावर न पडता मोकळ्या जागी उतरते. हे कसबाचे काम आहे. कोणती फांदी आधी, कोणता सांधा सोडायचा, झाडाचा तोल कोणत्या बाजूला जाईल, हे ज्याला कळते त्याच्या हाताखालून गेलेले झाड वादळात टिकते.

तोल ही येथे कळीची गोष्ट आहे, कारण तारेसाठी केलेली छाटणी स्वभावतः एकांगी असते. तारेकडची बाजू साफ, दुसरी भरगच्च. उपनगरांत फुटपाथच्या ज्या कडेला खांब त्याच कडेला झाड लावण्याची पद्धत पडली. झाडेही निवडली ती चटकन सावली देणारी. दक्षिण अमेरिकेतला पर्जन्यवृक्ष, मादागास्करचा गुलमोहर, आग्नेय आशियातून आलेला सोनमोहर. पर्जन्यवृक्षाचा पसारा रस्ता ओलांडून जातो, तर गुलमोहराचे लाकूड ठिसूळ आणि मुळे फार खोल जात नाहीत. अशा झाडाची एक बाजू उतरवली की त्याचे सगळे वजन दुसऱ्या बाजूला जाते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले, कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरपर्यंत पोचला, आणि पालिकेच्या नोंदीप्रमाणे दोन हजारांहून जास्त झाडे-फांद्या पडल्या. त्यांत विदेशी जातींचा भरणा मोठा होता. सगळा दोष जातीवर टाकून मोकळे होणे मला पटत नाही. कोणती बाजू किती वेळा छाटली गेली होती आणि मुळांशी काय झाले होते, हे तितकेच विचारले पाहिजे. हेलिकॉप्टरची करवत हा एकांगीपणा टोकाला नेते. तिला सांधा दिसत नाही, ती फक्त रेषा पाळते. फांदी जेथे फुटते त्या सांध्यावर केलेला काप झाड भरून काढते. मध्येच तुटलेला खुंट कुजतो आणि त्यातून बुरशी खोडात उतरते. माणसांनी भरलेल्या रस्त्यावर पाच वर्षांनी कुजून पडणारी फांदी तयार करून ठेवणे, हे काम कितीही झपाट्याने झाले तरी स्वस्त नव्हे.

आता तारेच्या जागेकडे येऊ. मुंबई शहराप्रमाणे उपनगरांतही आज बहुतेक वीजवितरण जमिनीखालच्या केबलने होते. हा बदल झाडांच्या प्रेमापोटी झाला असा माझा दावा नाही. वाड्या गेल्या आणि इमारती दाटल्या. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी ११ किलोव्होल्टच्या तारेपासून इमारतीला आडवे १.२ मीटर आणि उभे ३.७ मीटर अंतर मागितले होते. ज्या गल्लीत समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून हातात हात देता येतो, तेथे हे अंतर आणायचे कोठून? तार खाली नेणे भाग पडले ते घरांमुळे असे मानायला भरपूर जागा आहे. पण त्या निर्णयाने झाडाला जे दिले ते पन्नास वर्षांच्या छाटणीने दिले नव्हते. अंधेरी किंवा घाटकोपरच्या ज्या रस्त्यावर आज झाडे दोन्ही बाजूंनी एकमेकांना भिडली आहेत, तो रस्ता वितरणाच्या तारा खाली गेल्यामुळेच तसा राहू शकतो. मुलुंड-भांडुपला वीज महावितरणची आणि बाकीच्या उपनगरांचा मोठा भाग बीएसईएसकडून रिलायन्सकडे आणि २०१८ पासून अदानीकडे, असे पुरवठादार वेगवेगळे असले तरी हा हिशेब सगळीकडे सारखाच लागू पडतो. उरलेल्या लोंबत्या तारा केबलवाल्यांच्या आणि इंटरनेटच्या आहेत. त्यांनी तर झाडालाच खांब केले आहे, आणि त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

यावर पहिला आक्षेप माणसाच्या जिवाचा. झाडावर चढणारा कामगार पडतो, त्याला विजेचा धक्का बसतो, त्यापेक्षा वरून यंत्राने कापलेले बरे, असे कोणी म्हणेल. कामगाराची काळजी खरी आहे आणि ती कंत्राटाच्या कागदावर दिसली पाहिजे: कमरेचा पट्टा, डोक्यावर शिरस्त्राण, पुरवठा बंद केल्याची लेखी खातरजमा, विमा. पण हेलिकॉप्टरच्या करवतीत धोका संपत नाही, तो वरच्या माणसाकडून खालच्या माणसाकडे जातो. संकटात वैमानिकाला लोंबता दांडा पातींसकट सोडून देता यावा अशी सोय त्यात ठेवावी लागते. ओहायोच्या शेतात ती सोय शहाणपणाची आहे. घाटकोपर-भांडुपच्या टेकड्यांवर उच्चदाबाच्या वाहिन्यांच्या आसपास चाळी आणि झोपड्या आहेत, तेथे खाली कोण असेल याचा विचारसुद्धा करवत नाही. शिवाय सांताक्रूझच्या धावपट्ट्यांवर उतरणाऱ्या विमानांची वाट घाटकोपरवरून जाते आणि जुहूची हेलिकॉप्टरे पश्चिमेकडे उडतात. त्या आकाशात झाडाच्या उंचीवर तासन् तास रेंगाळणारे हेलिकॉप्टर बसवायचे कोठे?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जमिनीखालची केबल कित्येक पट महाग पडते आणि पुरात बुडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उपनगरांतली उपकेंद्रे पाण्याखाली गेली, माणसे विजेच्या धक्क्याने मरू नयेत म्हणून पुरवठा तोडावा लागला आणि कित्येक भागांत तो काही दिवस आला नाही. खांबावरची तार असती तर ती पाण्याच्या वर राहिली असती, हे कबूल केले पाहिजे. पण त्या दिवशी जे बुडाले ते मुख्यतः जमिनीच्या पातळीवरचे साहित्य होते, रोहित्रे आणि जोडपेट्या. ते उंच चौथऱ्यावर नेता येते. तौक्तेसारख्या वादळात झाड तारेवर पडते तेव्हा तारेला उंचावण्याचा असा उपाय नसतो, शिवाय जिवंत तार रस्त्यावरच्या पाण्यात पडते. खर्चाचे म्हणाल तर दर वर्षीची छाटणी, पडलेल्या तारा, थांबलेल्या गाड्या आणि गेलेली सावली यांचा एकत्र हिशेब वीजदरात दिसत नाही. तो धरला तर केबल आज वाटते तेवढी महाग वाटणार नाही.

तिसरे म्हणणे असे की झाडांचे एवढे लाड कशाला, झाडे माणसे मारतात. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला रस्त्याने चाललेल्या एका महिलेवर माड कोसळला आणि ती दगावली. तो काढण्यासाठी अर्ज झाला होता, तो नाकारला गेला होता. अशा मृत्यूपुढे झाडांची बाजू मांडताना शब्द जपून वापरले पाहिजेत. तरी त्या घटनेने काय सिद्ध होते? बुंध्याची आणि मुळांची तपासणी नीट करणारा, त्याबद्दल उत्तरदायी असणारा माणूस हवा, हे सिद्ध होते. माडाला छाटणी नाही, हे वर आलेच आहे. तेथे प्रश्न बुंध्याचा असतो आणि तो वरून कापणाऱ्या कोणत्याही यंत्राला कळत नाही.

जेथे तारेने जागा बदललेली नाही अशी ठिकाणे म्हणजे पारेषणाच्या मोठ्या वाहिन्या. बोरिवली पूर्वेच्या टाटा पॉवर हाऊसकडे आणि आरेच्या बाजूने जाणारे मनोरे रोज हजारो लोकांच्या नजरेस पडतात, काही वाहिन्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रानावरून जातात. हेलिकॉप्टरच्या करवतीला मुंबईत कोठे जागा असेल तर ती या शंभरेक चौरस किलोमीटरच्या जंगलात, असे सकृद्दर्शनी वाटते. पण वनखात्याच्या नियमांनी येथे निराळी वाट घेतली आहे. ११० किलोव्होल्टच्या वाहिनीला २२ मीटर आणि २२० किलोव्होल्टला ३५ मीटर रुंदीचा पट्टा मिळतो, तरी तो सगळा मोकळा करायचा नसतो. प्रत्येक तारेखाली ती ओढण्यापुरती तीन मीटरची वाट, एक पट्टी देखभालीसाठी उघडी, आणि बाकी ठिकाणी तार ओढून झाली की झाडे पुन्हा वाढू द्यायची. पुढे ११० किलोव्होल्टच्या तारेपासून ३.७ मीटर आणि २२० च्या तारेपासून ४.६ मीटर अंतर राहील एवढीच छाटणी, तीही स्थानिक वनाधिकाऱ्याच्या परवानगीने. म्हणजे झाडागणिक निर्णय. उभी भिंत कापणाऱ्या यंत्राला झाडागणिक निर्णय करता येत नाही. पॉवरग्रिड या पारेषण कंपनीने देशात हेलिकॉप्टर वापरले ते वाहिन्यांच्या पाहणीसाठी, आणि तो उपयोग योग्य आहे. वरून पाहावे, खालून छाटावे.

या वाहिन्यांची गरज कमी होणार नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघे भागातल्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई कित्येक तास ठप्प झाली. त्यानंतर खारघर ते विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी पूर्ण करण्याची निकड सर्वांना पटली. कुडूसहून आरेपर्यंत १,००० मेगावॉटची जी वाहिनी आखली गेली, तिच्या सुमारे ८० किलोमीटरपैकी ५० किलोमीटर जमिनीखालून आहेत. वितरणाच्या तारेने जी वाट आधी धरली तीच आता पारेषणाची तार धरते आहे, आणि माझ्या मते ती वाट बरोबर आहे.

फक्त या वाटेवर एक जुनी चूक नव्याने होऊ घातली आहे. तार खाली गेली तेव्हा तंटा फांदीकडून मुळाकडे गेला. केबलचा, गॅसचा, पाण्याचा आणि गटाराचा चर फुटपाथच्या त्याच कडेने जातो जेथे झाड आहे. २०२३ पासून सुमारे ६,००० कोटी रुपये खर्चून जवळपास ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचा पहिला टप्पा हाती घेतला गेला, त्यात चर खोदले गेले आणि बुंध्यापर्यंत सिमेंट आले. फांदी तोडली की सगळ्यांना दिसते, फोटो निघतात, तक्रारी होतात. मूळ तोडले की दोन पावसाळ्यांनी झाड पडते आणि दोष वाऱ्याला जातो. १९७५ च्या कायद्यातली 'कोणत्याही प्रकारे इजा' ही शब्दयोजना मुळांनाही लागू पडते, त्यासाठी नवा कायदा नको. तारेखालच्या झाडासाठी १८८५ पासून जो प्रश्न विचारला जातो, आधी झाड होते की आधी तार, तोच चराच्या नकाशावर विचारला गेला पाहिजे. आपल्या रस्त्यावर खोदकाम सुरू होईल त्या दिवशी वॉर्ड ऑफिसात उद्यान खात्याकडे जाऊन लेखी विचारा: चर बुंध्यापासून किती अंतरावर आहे, जाडी मुळे तोडायला कोणी परवानगी दिली, आणि काम संपल्यावर बुंध्याभोवती माती उघडी ठेवणार का. अर्जाची पोच घ्या आणि जपून ठेवा.